जुन्या ट्रंकेतला जर्मन खंजीर: साल आणि खरेपणा कसा ठरवायचा

नाशकात जर्मन खंजीर किंवा संगीन निघण्याच्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतलं आवरलेलं सामान, लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंका आणि भंगारात आलेले लोखंडाचे ढीग. यात नवल काही नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला ज्या पराक्रमांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते दोन्ही इटलीतलेच. शत्रूकडून मिळालेली वस्तू आठवण म्हणून घरी न्यायची पद्धत तेव्हा सगळ्याच फौजांत होती.

तरी बाजारात फिरणाऱ्या मालात नकलाच जास्त. भारतात आणि पाकिस्तानात या खंजिरांच्या नकला कित्येक वर्षं बनत आल्या आहेत, आणि जर्मनीतल्या झोलिंगन या पाती बनवणाऱ्या गावातही युद्धानंतर उरलेले सुटे भाग जोडून ‘नवे जुने’ खंजीर तयार झाले. म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: साल शिक्क्यावरून ठरत नाही. शिक्का ही फक्त एक साक्ष. पातं, परज (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी), मूठ, म्यान, स्क्रू या सगळ्यांच्या साक्षी जुळल्या, तरच साल ठरतं. एकही साक्ष फुटली तर ती का फुटली याचं कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

आधी हात आवरा

वस्तू हातात आली की आपल्याकडे पहिली इच्छा होते ती उजळवायची. नाशकात तांब्या-पितळेची आणि चांदीची कामं करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, त्यामुळे उजळवून देणारा माणूस दोन गल्ल्यांवर भेटतो. खंजीर त्याच्याकडे मुळीच नेऊ नका. बफिंगच्या चाकाखाली पाच मिनिटांत पात्यावरच्या मूळ घासणीच्या रेषा, कोरीव अक्षरांतला काळसर रंग आणि जस्तावरचा चांदीचा पातळ मुलामा निघून जातो. साल ओळखायला लागणाऱ्या निम्म्या खुणा तिथेच संपतात. चिंच, लिंबू, पितांबरी, रंगाऱ्याचा सँडपेपर, काहीही लावायचं नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ पुसा, बस.

साधनं थोडीच लागतात. सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा लोहचुंबक, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि नोटा तपासायला वापरतात तसला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. हातात सुती मोजे घाला, कारण बोटांचा घाम पोलादावर बोटाच्या ठशासकट गंज उठवतो. प्रकाश वरून नको, बाजूने तिरका पडू द्या. सपाट वाटणारे शिक्के तिरक्या उजेडातच उठून दिसतात.

खंजीर की संगीन?

घरात ‘जर्मन खंजीर’ म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेक वेळा संगीन असते. फरक सोपा आहे. मुठीच्या डोक्याला बंदुकीवर बसवायची खाच आणि बाजूला दाबायचं बटण असेल, तर ती संगीन. मुठीचं डोकं नक्षीदार असेल, त्यावर ओकची पानं, गरुड किंवा गोळा असेल आणि खाच नसेल, तर तो गणवेशावर लावायचा खंजीर.

मधे एक फसवा प्रकार येतो, तो म्हणजे संचलनाची संगीन. ही सैनिक स्वतःच्या पैशाने विकत घेई. पातं निकेलचा मुलामा दिलेलं चकचकीत, मूठ काळी, चौकटीदार नक्षीची, आणि डोक्यावरच्या खाचेत कित्येकदा लाल फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडा. हिच्यावर अनुक्रमांक नसतो आणि लष्करी तपासणीचा शिक्काही नसतो. म्हणजे ‘शिक्का नाही, म्हणून नक्कल’ हा निष्कर्ष इथे चुकतो.

स्वस्तिक दिसलं म्हणजे वस्तू जर्मन, असंही नाही. आपल्याकडच्या जुन्या कट्यारींवर आणि पूजेच्या शस्त्रांवर स्वस्तिक असतंच. ते सरळ उभं असतं, बऱ्याचदा चारही घरांत ठिपके असतात. जर्मन लष्करी वस्तूंवरचं चिन्ह बहुधा ४५ अंशांत कललेलं, ठिपक्यांशिवाय आणि गरुडाच्या पंजातल्या गोल माळेत असतं.

संगीन: इथे साल अचूक लागतं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या मॉझर ९८के रायफलीची संगीन नवख्या संग्राहकासाठी सगळ्यात चांगली, कारण तिच्यावर साल लिहिलेलंच असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. पातं सुमारे २५ सेंटिमीटर, पूर्ण लांबी साडेअडतीसच्या आसपास. परजेच्या लगत पात्याचा जो धार नसलेला सपाट भाग असतो, तिथे एका बाजूला कारखान्याची खूण आणि दुसऱ्या बाजूला अनुक्रमांक असतो.

कारखान्याची खूण तीन काळांत तीन तऱ्हांनी आली. सुरुवातीला जर्मनीला आपलं शस्त्रनिर्माण लपवायचं होतं, म्हणून कारखान्याऐवजी रोमन एस, तिरकी रेघ आणि आकडा असा सांकेतिक क्रमांक असे. सालही अक्षरात लपवलेलं: के म्हणजे १९३४, जी म्हणजे १९३५. १९३६ पासून सालाचे शेवटचे दोन आकडे उघडपणे आले. १९३८ च्या सुमारापासून कारखान्याचं पूर्ण नावच येऊ लागलं. १९४० नंतर पुन्हा लपवाछपवी सुरू झाली आणि छोट्या लिपीतली अक्षरं आली. त्यातली वारंवार दिसणारी अशी: सी-ओ-एफ म्हणजे कार्ल आइकहॉर्न, ए-एस-डब्ल्यू म्हणजे ई. उंड एफ. ह्योर्स्टर, सी-व्ही-एल म्हणजे डब्ल्यू-के-सी, एफ-झेड-ई म्हणजे एफ. डब्ल्यू. ह्योलर, सी-आर-एस म्हणजे पाउल वायर्सबर्ग. सालाचे आकडे पात्याच्या पाठीवर किंवा या अक्षरांच्या शेजारी शोधा.

मुठीच्या डोक्यावर भिंग धरलं की गरुड आणि त्याखाली डब्ल्यू-ए-ए अक्षरं आणि आकडा असा बारीक ठसा दिसतो. हा लष्कराच्या तपासनिसाचा शिक्का. एकाच संगिनीवर तो दोन-तीन ठिकाणी असू शकतो.

आता एक संगीन हातात घेऊन पाहू. पात्यावर ए-एस-डब्ल्यू, शेजारी ४१. दुसऱ्या बाजूला चार आकडी क्रमांक आणि त्याखाली छोटं सी अक्षर. म्यानावर, पट्ट्यात अडकवायच्या खुंटीजवळ, तोच क्रमांक आणि तेच अक्षर. मुठीच्या दोन्ही पट्ट्या लालसर तपकिरी बेकेलाइटच्या (एक जुनं कडक प्लॅस्टिक), दोन स्क्रूंनी बसवलेल्या. मुठीच्या पाठीवर वाकवलेला पातळ पत्रा. हा पत्रा गोळी सुटताना नळीच्या तोंडाशी येणाऱ्या ज्वाळेपासून मूठ वाचवायला असतो. इथे सगळ्या साक्षी जुळल्या: १९४१ ची, न बदललेली संगीन. आता हीच संगीन लाकडी पट्ट्यांची असती तर? लाकूड १९३७ च्या सुमारापर्यंत होतं, मग बेकेलाइट आलं आणि अगदी शेवटी पुन्हा लाकूड परतलं. १९४१ च्या पात्यावर लाकूड असेल, तर पट्ट्या नंतर कुणीतरी बदलल्या असण्याची शक्यता मोठी. संगीन खरीच, पण किंमत उतरते. म्यानाचा क्रमांक न जुळणं हाही तसाच प्रकार. छावणीत म्यानांची अदलाबदल सहज होई. म्हणून न जुळणाऱ्या क्रमांकाला नक्कल म्हणू नका, ‘क्रमांक वेगळे’ असं स्पष्ट नोंदवा.

शेवटच्या वर्षांतल्या संगिनींवर यंत्राच्या घासणीचे ओरखडे तसेच सोडलेले दिसतात. घाईत बनलेला माल तो. खडबडीतपणा पाहून ‘हलकी नक्कल’ ठरवणारे इथेच फसतात.

अधिकाऱ्यांचे खंजीर

इथे खेळ बदलतो, कारण हे खंजीर सरकार देत नसे. अधिकारी ते स्वतः विकत घेत. त्यामुळे बहुतेकांवर साल नसतं, असलीच तर कारखान्याची खूण. तीही प्रत्येकावर नसते. भूदलाच्या अधिकाऱ्याच्या खंजिरावर कुणी लष्करी तपासणीचा गरुडठसा अभिमानाने दाखवत असेल, तर सावध व्हा. तो ठसा तिथे असायचं कारणच नाही. हवाई दलाच्या काही खंजिरांवर मात्र छोटे तपासणी-ठसे खरोखर आढळतात.

भूदलाचा खंजीर १९३५ मध्ये आला. पातं २६ सेंटिमीटरच्या आसपास. परजेवर पंख पसरलेला गरुड, मुठीच्या टोपीला, म्हणजे डोक्याला, ओकच्या पानांची माळ, म्यान पोलादी आणि त्यावर दाणेदार पोत. मूठ पांढरी, पिवळी किंवा गडद नारिंगी. विक्रेता सांगतो, नारिंगी म्हणजे जुना. हे धरून चालू नका. मुठीचं प्लॅस्टिक उजेडाने आणि वयाने गडद होत जातं, आणि रंग मुळातही वेगवेगळे होते. रंगावरून साल लावता येत नाही.

साल धातूवरून लागतं. युद्ध जवळ आलं तसा चांगला धातू कारखान्यांना मिळेना, आणि परज-टोपीसाठी जस्ताचं मिश्रण वाढलं. हवाई दलाच्या खंजिरात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. त्याचा पहिला नमुना निळ्या चामड्याने मढवलेला, साखळ्यांचा, टोपी तबकडीसारखी गोल आणि पातं ३० सेंटिमीटरच्या वर. त्यात सुरुवातीचे भाग जर्मन सिल्व्हरचे आणि नंतरचे अॅल्युमिनियमचे. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, हे आपल्याकडच्या भांडीवाल्यांना वेगळं सांगायला नको.) १९३७ मध्ये दुसरा नमुना आला: लहान, गोल टोपीचा, परजेवर उडता गरुड, मुठीला पीळ दिलेली तार. त्यात आधी अॅल्युमिनियम आणि पुढे जस्त. अॅल्युमिनियमची घनता २.७, जस्ताची ७.१, म्हणून दोन खंजीर दोन हातांत घेतले तरी फरक जाणवतो. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे इथे काटाच वापरा. जस्तावरचा मुलामा कालांतराने फुगतो, त्याला राखाडी पुळ्या येतात. त्या पाहून तोंड वाकडं करू नका, खऱ्या जस्ताला ऐंशी वर्षांत तसंच होतं. उलट युद्धकाळातल्या जस्ताच्या परजेवर आरशासारखा अखंड मुलामा असेल, तर तो नंतर चढवलेला आहे किंवा परजच नवी आहे.

नौदलाच्या खंजिरावर टोपी बघा. कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळात मुकुट, नंतर ज्वाळा आणि १९३८ पासून गरुड. पण इथे एक पेच आहे. जुने अधिकारी नवा खंजीर घेण्याऐवजी जुन्याची टोपी तेवढी बदलून घेत. म्हणून जुन्या पात्यावर गरुडाची टोपी असणं हे लबाडीचं लक्षण नाही. टोपीखालचे आटे नीट बसलेले असतील आणि झीज दोन्हीकडे सारखी असेल, तर तो बदल त्या काळातलाच.

तपकिरी लाकडी मुठीचा, पात्यावर ‘आलेस फ्यूर डॉइचलांड’ कोरलेला खंजीर एस-ए या नाझी पक्षाच्या संघटनेचा, लष्कराचा नाही. पातं सुमारे २२ सेंटिमीटर. सुरुवातीच्या खंजिरांवर कारखान्याचं नाव असतं. १९३५-३६ पासून आर-झेड-एम ही नाझी पक्षाच्या सामान-खात्याची खूण आणि एम ७ तिरकी रेघ असा क्रमांक येतो, पुढे कित्येकदा सालही. ६६ म्हणजे आइकहॉर्न, ३६ ह्योर्स्टर, ३७ रॉबर्ट क्लास, २७ पूमा. आर-झेड-एम क्रमांक असलेल्या एस-ए खंजिरावर त्या संघटनेच्या तेव्हाच्या प्रमुखाचं, म्हणजे एर्न्स्ट र्‍योमचं मैत्रीचं वाक्य दिसलं, तर तो तिथेच खाली ठेवा. ते वाक्य १९३४ चं. र्‍योमला त्याच वर्षी ठार मारलं आणि ते नाव पात्यांवरून घासून काढायचा हुकूम निघाला. काळ्या मुठीच्या एस-एस (नाझींची दुसरी सशस्त्र संघटना) खंजिरांच्या नकला तर सगळ्यांत जास्त. पहिली काही वर्षं त्यांच्या वाटेलाच जाऊ नका.

कारखान्यांच्या खुणांत आइकहॉर्नची खार, डब्ल्यू-के-सीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं, ह्योलरचा थर्मामीटर, क्लासचे दोन करकोचे आणि आल्कोसोचा तराजू लगेच ओळखू येतात. तराजूची खूण दिसली की त्यामागचा माणूसही लक्षात ठेवावा. तो कारखाना कॉपेल या ज्यू कुटुंबाचा होता. नाझींनी तो त्यांच्याकडून हिसकावून घेतला आणि अलेक्झांडर कॉपेल १९४२ मध्ये नाझींच्या थेरेझिनश्टाट छळछावणीत मरण पावले. या वस्तू गोळा करणाऱ्याने त्या कुणाच्या राजवटीच्या आहेत याचा विसर पडू देऊ नये. नोंदवहीत खंजिराबरोबर हेही लिहावं.

नक्कल कशी उघडी पडते

कोरीव अक्षरांवर भिंग धरा. त्या काळी अक्षरं आम्लाने खाऊन कोरली जात: कडा स्वच्छ, तळ एकसारखा राखाडी. लेझरने कोरलेल्या अक्षरांच्या तळाशी समांतर बारीक रेघा किंवा जळक्या ठिपक्यांची रांग दिसते. मग परजेवरच्या गरुडाची पिसं पाहा. पिसांमधल्या खाचा बुजलेल्या, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेने साच्याची शिवण असेल, तर खऱ्या खंजिरावरून साचा काढून ओतलेला भाग आहे. ओतीव धातू गार होताना आकसतो, म्हणून असा भाग मूळ मापापेक्षा किंचित लहान भरतो. व्हर्नियर इथेच कामाला येतो. त्यासाठी खात्रीच्या खंजिराची मापं आधीपासून वहीत असायला हवीत.

म्यानाच्या तोंडाशी स्क्रू असतात. त्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच हवी. चौफुली खाच असेल, तर स्क्रू नंतरचा आणि बहुधा म्यानही. खाचेच्या कडा ताज्या चकाकत असतील, तर ते नुकतंच कुणीतरी उघडलंय, का ते विचारा.

मुठीसोबतची गोंड्याची दोरी अंधारात टॉर्चखाली धरा. युद्धानंतरच्या धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं आली. असा धागा निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसतो. जुना धागा मंदच राहतो. मुठीच्या तड्यात भरलेला आधुनिक गोंदही कित्येकदा याच उजेडात पकडला जातो.

काही मुठी सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या असतात; त्यांची परीक्षा म्हणून कुणी तापवलेली सुई टोचायला सांगेल. ते करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं, हातात जळती मूठ राहील. अंगठ्याने जागा जोरात चोळून लगेच हुंगा. बऱ्याचदा कापराचा मंद वास येतो, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. वास आला नाही म्हणून मात्र नक्कल ठरवू नका.

उघडायचा मोह झालाच, तर फक्त भूदलाच्या आणि हवाई दलाच्या दुसऱ्या नमुन्याच्या खंजिरापुरता. टोपीला रबरी हातमोजा लावून डावीकडे फिरवा. फिरली नाही तर थांबा. पकडीने पिळली की मूठ तडकते आणि तो तडा पुन्हा बुजत नाही. टोपी निघाली तर पात्याचा आतला दांडा पाहा. तो तपकिरी, काळवंडलेला, आट्यांत जुनी मळ असलेला हवा. ग्राइंडरने घासलेला पांढरा लखलखीत दांडा किंवा वेल्डिंगचा मणी दिसला, तर पुढचं काही पाहायची गरज नाही.

घेण्याआधी कायदा

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची घरगुती वा शेतीच्या वापराची नसलेली धारदार हत्यारं वेगळ्या गटात मोडतात, आणि खंजीर व संगिनी यांचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. २६ सेंटिमीटर म्हणजे सव्वादहा इंच. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आधी चौकशी करा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या. जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश लागू असताना वस्तू पिशवीत घालून मेन रोडवर दाखवायला नेणं हा सरळ गुन्हा होतो. परदेशातून कुरियरने मागवलेली वस्तू कस्टममध्ये अडकते, तिकडे पैसे अडकवू नका.

पहिल्या महायुद्धातल्या संगिनीचा मुद्दा निराळा. ती शंभर वर्षांची झाली, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत आली. ती परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार परवानाधारकानेच करायचा.

नाशिकच्या पावसात सांभाळणं

जून ते सप्टेंबर हे चार महिने इथे पोलादाचे वैरी. पातं म्यानात ठेवू नका, विशेषतः चामड्याच्या म्यानात, कारण चामड्यातली आम्लं आणि ओल पात्यावर डाग उठवतात. पात्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, दहा मिनिटांनी सुती कापडाने पुसा. खोबरेल नको, ते चिकट होऊन पिवळं पडतं. पातं आणि म्यान शेजारी शेजारी आम्लरहित कागदात ठेवा, जवळ सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर महिन्याला बदला.

सेल्युलॉइडची मूठ मात्र हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. जुनं सेल्युलॉइड हळूहळू आम्ल वायू सोडतं, आणि तो कोंडला की शेजारचा धातू हिरवट होऊन खाल्ला जातो. कापडी पिशवी, सावलीचं कपाट, स्वयंपाकघरापासून लांब. मुठीवर जाळीसारख्या बारीक भेगा किंवा ओलसर चिकटपणा दिसला, तर तो खंजीर बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळा करा.

प्रत्येक वस्तूचं एक कार्ड करा: पूर्ण लांबी, पात्याची लांबी, वजन, सगळ्या खुणा जशाच्या तशा, कुठला भाग नंतर बदललेला वाटतो आणि का, कुणाच्या घरून आला, आणि तिरक्या उजेडातले दोन्ही बाजूंचे फोटो. ज्या घरातून वस्तू आली तिथल्या आजोबांची पलटण आणि सेवापुस्तिकेचा फोटो मिळत असेल, तर तो आजच मागून घ्या. माणूस गेला की ती माहिती परत मिळत नाही.